मेलेल्या सेलवर एलईडी पेटवायचाय? आधी कॉइलचे पाय बघ

कोथरूडचा एक मुलगा आहे, डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला, त्याचा प्रश्न असा: "काका, उतरलेल्या सेलवर एलईडी पेटवणारं ज्यूल थीफ सर्किट करतोय, बंद पडलेला सीएफएल फोडून त्यातली छोटी रिंग काढली, ट्रान्झिस्टर पण त्यातलाच घेतला, १ के (हजार ओहम) रेझिस्टन्स लावला, भिंतीवरच्या घड्याळातला उतरलेला सेल जोडला, तरी पांढरा एलईडी पेटत नाही. नवीन सेलवर पण नाही. सगळं चित्राप्रमाणेच आहे, तीन संध्याकाळी गेल्या, काय चुकलं?" सोबत त्यानं फोटो पण दिलाय, ब्रेडबोर्डवर सगळं मांडलेला.

अरे बाबा, फोटो बघितला. सगळं चित्राप्रमाणे आहे हे खरंय आणि तीच अडचण आहे, कारण चित्रात कॉइलच्या दोन वेटोळ्यांना कुठली बाजू सुरुवातीची ते दाखवायला बारीक टिंबं असतात आणि ती कोणी बघत नाही. मी पंचवीसेक वर्षं रेडिओ-टीव्ही रिपेअरिंगमध्ये काढली, या सर्किटसाठी पोरं माझ्याकडे येतात, आणि दहातल्या आठ-नऊ जणांचं दुखणं हेच निघतं. तुझ्या केसमध्ये ट्रान्झिस्टर पण चुकीचा आहे, म्हणजे दुखणी दोन. पण आधी हे चालतं कसं ते समजून घे, नाहीतर आज मी सांगितलं म्हणून पाय उलटे करशील आणि पुढच्या वेळी परत तीन संध्याकाळी घालवशील.

पांढऱ्या एलईडीला पेटायला साधारण ३ ते ३.४ वोल्ट लागतात. नवा पेन्सिल सेल दीड वोल्टाचा, म्हणजे एका सेलवर तो सरळ कधीच पेटणार नाही, सेल कितीही ताजा असू दे. आणि घड्याळातून किंवा रिमोटमधून काढून टाकलेला सेल मोजलास तर बहुतेक वेळा १.१, १.२ वोल्ट दाखवतो, म्हणजे तो मेलेला नसतो, फक्त त्या वस्तूला पुरेनासा झालेला असतो. हे उरलंसुरलं ओढून घेणारं सर्किट म्हणजे हा ज्यूल थीफ. ज्यूल हे ऊर्जेचं एकक, आणि इंग्रजीत दागिनेचोराला जो शब्द आहे त्याच्यावर केलेली ही कोटी. १९९९ च्या नोव्हेंबरमध्ये एव्हरीडे प्रॅक्टिकल इलेक्ट्रॉनिक्स या ब्रिटिश मासिकात झेड. कापार्निक या नावानं हे एका ट्रान्झिस्टरचं सर्किट छापून आलं, ज्यूल थीफ हे बारसं नंतर २००२ मध्ये क्लाइव्ह मिचेलनं केलं. मूळ कल्पना मात्र त्याहून कितीतरी जुनी, ब्लॉकिंग ऑसिलेटर म्हणतात तिला, ट्रान्झिस्टरच्या आधीच्या व्हॉल्वच्या काळापासूनची.

आता आत काय होतं बघ. सेल जोडला की १ के मधून थोडासा करंट ट्रान्झिस्टरच्या बेसमध्ये, म्हणजे त्याला उघड-बंद करणाऱ्या पायात, जातो. १.२ वोल्टाचा सेल धर, बेसवर ०.६५ पडतात, उरले ०.५५, म्हणजे अर्धा मिलिअँपिअर. तेवढ्यानं ट्रान्झिस्टर किंचित उघडतो आणि कलेक्टर या दुसऱ्या पायाला जोडलेल्या वेटोळ्यातून करंट वाढायला लागतो. तो वाढतोय म्हणून त्याच रिंगवरच्या दुसऱ्या वेटोळ्यात वोल्टेज तयार होतं, आणि जर ते वेटोळं बरोब्बर बाजूनं जोडलेलं असेल तर हे वोल्टेज सेलच्या वोल्टेजमध्ये मिळवलं जातं, म्हणजे बेसला आता १.२ च्या जागी २.४ मिळतात, बेस करंट अर्ध्यावरून दीड-पावणेदोन मिलिअँपिअरवर जातो आणि ट्रान्झिस्टर धाडकन पूर्ण उघडतो. मग करंट चढत जातो, चढत जातो, आणि एका क्षणी एकतर कोअर, म्हणजे ती रिंग, चुंबकत्वानं भरते किंवा तेवढ्या बेस करंटवर ट्रान्झिस्टरला आणखी झेपत नाही. वाढ थांबली की दुसऱ्या वेटोळ्यातला आधार गेला, आधार गेला की बेस पडला, ट्रान्झिस्टर तितक्याच झटक्यात बंद. आता कॉइलमध्ये साठलेला करंट काही एकदम थांबत नाही, त्याला वाट हवी, ट्रान्झिस्टरचं दार तर लागलंय, म्हणून कलेक्टरवरचं वोल्टेज उसळतं आणि एलईडीची वाट उघडेपर्यंत, म्हणजे तीन-सव्वातीन वोल्टापर्यंत, वर जातं आणि सगळी साठवण एलईडीत रिकामी होते. पुन्हा पहिल्यापासून. हे सेकंदाला हजारो वेळा, मी स्कोपवर (लाटा दाखवणाऱ्या ऑसिलोस्कोपवर) बघितलेली बरीचशी पन्नास हजार ते दोन लाखाच्या दरम्यान होती, त्यामुळे डोळ्याला दिवा सलग पेटल्यासारखा दिसतो.

नळाचं पाणी जोरात वाहत असताना एकदम कॉक बंद केला की पाइपात धाडकन आवाज येतो ना, जुन्या वाड्यांमधल्या लोकांना माहितीये, तोच प्रकार आहे.

म्हणजे सगळा खेळ त्या "बरोब्बर बाजूनं" वर आहे. दुसरं वेटोळं उलटं जोडलं गेलं तर वोल्टेज मिळवलं जायच्या ऐवजी वजा होतं, ट्रान्झिस्टर अर्धवट उघडून तसाच बसून राहतो आणि सर्किट गप्प. ओळखायची खूण सांगतो. ट्रान्झिस्टर बीसी ५४७ असेल आणि सेल नवा असेल तर उलट्या जोडणीत बेसला ०.८ मिलिअँपिअर, गेन, म्हणजे बेसच्या करंटच्या किती पट कलेक्टरला, २०० धरला तर कलेक्टरला १६० मिलिअँपिअर, म्हणजे पाव वॉटच्या आसपास नुसती उष्णता, ट्रान्झिस्टरवर बोट ठेवलं की चांगला कोमट लागतो. एलईडी बंद आणि ट्रान्झिस्टर कोमट, म्हणजे रिंगचे पाय उलटे, डोळे मिटून. तुझा गार राहिला असणार कारण तुझा ट्रान्झिस्टर सीएफएलमधला १३००१ आहे, त्याच्याकडे नंतर येतो.

पाय सुलटे करायची सोपी युक्ती म्हणजे दोन रंगांच्या दोन वायरी घ्यायच्या आणि दोन्ही एकत्र धरून गुंडाळायच्या. समज नारिंगी आणि हिरवी. गुंडाळून झाल्यावर एका बाजूला दोघींची सुरुवात, दुसऱ्या बाजूला दोघींचा शेवट. आता नारिंगीचा शेवट आणि हिरवीची सुरुवात एकत्र पिळायची, तो जोड सेलच्या प्लसला. नारिंगीची सुरुवात कलेक्टरला. हिरवीचा शेवट १ के मधून बेसला. तिसरा पाय एमिटर, तो सेलच्या मायनसला. एलईडीचा लांब पाय कलेक्टरवर, आखूड पाय एमिटरवर. बस, संपलं सर्किट. दोन्ही सुरुवाती एकत्र पिळल्यास तर काही चालणार नाही, आणि तू फोटोत तेच केलंयस, मी झूम करून बघितलं. आणि आधीपासून गुंडाळलेली कॉइल असेल, कुठला पाय कुठला ते कळत नसेल, तर डोकं लावत बसू नको, कुठल्याही एकाच वेटोळ्याचे दोन पाय अदलाबदल कर, दुसऱ्याला हात लावू नको.

रिंगबद्दल. सीएफएलमधल्या त्या रिंगवर तीन बारीक वेटोळी असतात, प्रत्येकाला थोडेसेच वेढे. तू तीच तशीच वापरलीयस. काढून टाक सगळी. रिंग फेराइटची आहे, आपल्या कामाला उत्तम, पण वेढे कमी पडतात. इनॅमलच्या बारीक तारेचे, ०.२ ते ०.३ मिमी, वीस वीस वेढे बसतात आरामात. तार कुठून, तर मेलेल्या रिलेमधून किंवा जुन्या अडॅप्टरच्या ट्रान्सफॉर्मरमधून. रंग एकच असतो मग काय करायचं, तर एका तारेच्या दोन्ही टोकांना नेलपॉलिश लाव, झाली ओळख. लॅनच्या केबलमधल्या रंगीत वायरी गुंडाळायला छान असतात पण त्यांचं प्लास्टिक जाड, सीएफएलच्या रिंगच्या भोकात सात-आठ वेढ्यांतच गर्दी होते. मोठी रिंग असेल तर त्याच वायरी वापर. आणि इनॅमल खरवडायला विसरायचं नाही! तार तांब्याची दिसते म्हणून उघडी आहे असं वाटतं, पण वरती वार्निशचा थर असतो, सोल्डर नुसतं वर गोळी होऊन बसतं, आत जोड नाहीच. ब्लेडनं चहूबाजूंनी हलक्या हातानं खरवड, तार चकचकीत गुलाबी दिसली पाहिजे, मग टोकाला सोल्डर चढव, मग मीटरच्या बीपवर दोन्ही टोकं तपास. एवढं केलंस की निम्मे प्रश्न येतच नाहीत.

कॉम्प्युटरच्या मदरबोर्डवरची पिवळी-पांढरी रिंग पण पोरं घेऊन येतात. ती फेराइट नसते, लोखंडाच्या भुकटीची असते, तिला वेढे जास्त लागतात, चालते पण माझी आवडती नाही. त्यापेक्षा बंद पडलेला कॉम्प्युटरचा एसएमपीएस (पॉवर सप्लायचा डबा) मिळाला तर आत २३० वोल्ट येतात त्या तोंडाशीच एक चोक असतो, एका रिंगवर समोरासमोर दोन सारखी वेटोळी, चार पाय. ती अख्खी तशीच उचलायची. गुंडाळायची गरजच नाही, नाही चालली तर एका बाजूचे पाय अदलाबदल. आळशी माणसाला याच्यापेक्षा सुख नाही.

आता ट्रान्झिस्टर. सीएफएलमधले १३००१, १३००३ हे चारशे वोल्टाला टिकायला बनवलेले, त्या बदल्यात त्यांचा गेन कमी, दहा ते चाळीसच्या आसपास. पावणेदोन मिलिअँपिअर बेसला दिले आणि गेन १५ मिळाला तर कलेक्टरला पंचवीस मिलिअँपिअर, त्यात कॉइल भरणार कशी. पेटला तरी काजवा. इथं कमी वोल्टेजचा, जास्त गेनचा हवा. बीसी ५४७ चालतो, बीसी ३३७ त्याहून चांगला कारण तो ८०० मिलिअँपिअरपर्यंतचा, ५४७ बिचारा शंभरचा. जुन्या एफएम रेडिओमध्ये, खेळण्यात, कॉर्डलेस फोनमध्ये ८०५० असतो, तो मिळाला तर सोन्याहून पिवळं. तपकीर गल्लीत नवा बीसी ५४७ दोन-चार रुपयाला मिळतो हे मला माहितीये, पण भंगारातून करायचा तुझा हट्ट आहे आणि मला तो आवडला.

भंगारातल्या ट्रान्झिस्टरचे पाय मात्र तपासूनच लाव. चपटी बाजू आपल्याकडे, पाय खाली धरले की बीसी ५४७ आणि बीसी ३३७ चे डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर. ८०५० आणि २एन ३९०४ चे नेमके उलटे, एमिटर, बेस, कलेक्टर. १३००१ चा बेस तर मधला असेलच असं नाही, कंपनीगणिक बदलतो. मीटर डायोडवर ठेव, लाल वायर एका पायावर धरून काळी बाकीच्या दोघांवर लाव, दोन्हीकडे ०.६-०.७ दाखवलं की लाल आहे तो बेस आणि ट्रान्झिस्टर एनपीएन, म्हणजे या सर्किटला लागतो तो प्रकार. त्या दोघांत ज्याचं रीडिंग किंचित जास्त तो एमिटर. काळी वायर बेसवर धरून रीडिंग येत असेल तर तो पीएनपी, त्याला सेल आणि एलईडी दोन्ही उलटे लागतील. मी एकदा जुन्या बाजारात एक पिशवीभर ५४७ म्हणून घेतले, घरी येऊन बघतो तर निम्मे ५५७, म्हणजे पीएनपी. दिसायला जुळे भाऊ. चूक माझीच, भिंग खिशात होतं आणि काढलं नाही.

जुन्या बाजाराचं निघालंच आहे तर, तिथं अजून कधीतरी साठ-सत्तरच्या दशकातले ट्रान्झिस्टर रेडिओ दिसतात, आत एसी १२८ असतो, जर्मेनियमचा, धातूच्या टोपीतला. सिलिकॉनच्या ट्रान्झिस्टरवर हे सर्किट सुरू व्हायला ०.६ वोल्टाच्या आसपास लागतंच, जर्मेनियम त्याच्या निम्म्यात जागा होतो. एसी १२८ पीएनपी आहे एवढं लक्षात ठेव. पण चालू रेडिओ त्याच्यासाठी फोडू नको रे.

सीएफएल उघडताना तू काय केलंस माहीत नाही, "फोडून" असं लिहिलंयस म्हणून धडकी भरली. काचेची नळी कधीही फोडायची नाही, आत पारा असतो, थोडाच, काही मिलिग्रॅम, पण असतो. नळीला धरून पिळायचं पण नाही. खालच्या पांढऱ्या प्लास्टिकला मधोमध सांधा असतो, त्यात चपटा स्क्रू ड्रायव्हर घालून गोल फिरवत जा, आतल्या खाचा टक टक करत सुटतात. नळीच्या चार तारा बोर्डावरच्या चार खिळ्यांना नुसत्या गुंडाळलेल्या असतात, सोल्डर नसतं, उलगडल्या की बोर्ड हातात. नळी तशीच अख्खी ई-कचऱ्यात, घंटागाडीच्या ओल्या-सुक्यात नाही. चुकून फुटलीच तर खिडक्या उघड, थोडा वेळ खोलीबाहेर जा, मग ओल्या कागदानं टिपून घे, झाडू नको. आणि बोर्डावरचा तो उभा कंडेन्सर, ४०० वोल्ट लिहिलेला, बल्ब नुकताच काढला असेल तर त्याच्यात तीनशेच्या वर वोल्ट असू शकतात. दोन पायांवर काही हजार ओहमचा रेझिस्टन्स पाचेक सेकंद धर, मग मीटरनं बघ, मग हात लाव. मला एकदा बसलाय, हात मागे फेकला गेला तो टेबलावरच्या चहात.

चालू झालं की नाही हे बघायला स्कोप कुठून आणणार. खिशातला एएमचा छोटा रेडिओ घे, ७९२ वर आकाशवाणी पुणे लाव आणि जरा बाजूला सरकवून रिकाम्या जागी आण, सर्किटजवळ नेलास की शिट्टी किंवा खरखर ऐकू येईल. एलईडी पेटत नाहीये पण रेडिओ बोंबलतोय म्हणजे ऑसिलेटर चालू आहे, एलईडी उलटा लागलाय किंवा गेलाय. एलईडी वेगळा तपासायला मदरबोर्डवरचा बटण सेल, सीआर २०३२, नुसता दोन पायांत धर. पण एक लक्षात ठेव, सर्किट चालू असताना एलईडी काढायचा नाही. उसळलेल्या वोल्टेजला जायला जागा राहत नाही, ते दहा-वीस-चाळीस वोल्ट कुठंही जातं, आणि ५४७ हा ४५ वोल्टाचा गडी.

करंट मोजायला मीटर सिरीजमध्ये लावलास की दिवा मंद होईल किंवा विझेल, घाबरू नको. २०० मिलिअँपिअरच्या रेंजला मीटरच्या पोटात एखादा ओहम, वर फ्यूज, वर त्या हलक्या वायरी, एक वोल्टाच्या सेलला हे फार होतं. सेलच्या मायनसला १ ओहमचा रेझिस्टन्स कायम ठेव आणि त्याच्यावरचे मिलिवोल्ट वाच, जेवढे मिलिवोल्ट तेवढे मिलिअँपिअर. माझ्याकडचे साधारण ५० खातात. १.२ वोल्टावर ५० म्हणजे ६० मिलिवॉट, त्यातले साठ टक्के पोचले तर एलईडीला ३६ मिलिवॉट, म्हणजे अकराएक मिलिअँपिअर. पाच मिमीचा एलईडी २० चा असतो, तर रात्री जिन्यात किंवा देवघरात पुरेसा उजेड, वाचायला नाही. फुकटची वीज वगैरे काही नाही हं, चाळीस टक्के तर वाटेतच जातात.

उतरलेल्या सेलवर दिवा थरथरतो किंवा सुरूच होत नाही, याचं कारण बऱ्याचदा वोल्टेज नसतं. जुन्या सेलचा आतला रेझिस्टन्स वाढलेला असतो, त्याला झटक्यानं करंट देता येत नाही, आणि हे सर्किट तर झटक्यांवरच जगतं. सेलला समांतर ४७ किंवा १०० मायक्रोफॅरडचा कंडेन्सर लाव, दहा वोल्टाचा चालेल, कुठल्याही भंगार बोर्डावर मिळतो. या एका वस्तूनं जेवढा फरक पडतो तेवढा दुसऱ्या कशानं पडत नाही. उजेड वाढवायचा असेल तर १ के च्या जागी ६८० किंवा ४७० लाव, सेल तेवढा लवकर संपेल. आणि एलईडीला सलग डीसी द्यायचा असेल तर मधे डायोड आणि कंडेन्सर, पण डायोड १एन ४००७ घेऊ नको, तो सीएफएलमध्ये चार-चार मिळतो म्हणून सगळे तोच लावतात, या वेगाला तो फार सुस्त आहे. मेलेल्या मोबाइल चार्जरमधला १एन ५८१९ काढ.

त्याच धर्तीवर, बंद पडलेला ९ वॉटचा एलईडी बल्ब असेल तर टाकू नको. त्याच्या पत्र्यावरच्या दहा-बारा चिपपैकी बहुतेक वेळा एकच जळालेली असते, मधोमध काळा ठिपका दिसतो. बाकीच्यातली एखादी चिप या सर्किटवर पेटते, एकेका चिपमध्ये दोन-तीन किंवा जास्त एलईडी सिरीजमध्ये असल्यामुळे तिला ९ किंवा १८ वोल्ट लागू शकतात, पण या सर्किटला वोल्टेजचं दुःख नाही, उसळी तिथपर्यंत जाते, फक्त करंट कमी पडतो म्हणून उजेड मवाळ.

रिचार्जेबल सेलवर हे लावू नको, तो पार खाली जाईपर्यंत पिळला जातो आणि परत नीट चार्ज होत नाही. मोबाइलच्या बॅटरीवर तर अजिबात नाही. साधे जस्त-कार्बनचे सेल ०.५-०.६ वोल्टाला पोचले की दिवा आपोआप विझतो, तेव्हा सेल लगेच काढ, कारण पार पिळलेला सेल दोन-चार आठवड्यांत पाझरतो. माझा जिन्यातला दिवा फिल्मच्या रोलच्या डबीत होता, पावसाळ्यात सेल तसाच राहिला, दिवाळीत डबी उघडली तर स्प्रिंगचा हिरवा चुरा झालेला आणि कलेक्टरचा पाय बोट लावताच तुटला. रिंग मात्र ठणठणीत होती, तीच धुऊन वाळवून पुढच्या दिव्याला लावली.